५० नंबरचा एरर परत परत का येतो?

प्रश्न : पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं टायपिंग आणि प्रिंटचं दुकान आहे. एचपी लेझरजेट एम१००५ हा जुना प्रिंटर रोज सकाळी पहिल्याच पानाला ‘५०.१ फ्यूझर एरर’ दाखवतो. दोन-तीनदा बंद-चालू केला की चालतो, मग दिवसभर तक्रार नाही. मेकॅनिकने फ्यूझर बदलून दिला. महिनाभर बरं गेलं, आता पुन्हा तेच. परत फ्यूझर घ्यायचा की प्रिंटरच बदलायचा?
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : सध्या दोन्ही नको. तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे : एरर सकाळीच येतो आणि मशीन तापलं की जातो. मेकॅनिकला बोलावताना नुसता कोड सांगू नका, तो कधी येतो हेही सांगा. त्यावरून तपास निम्म्यावर येतो.

लेझरजेटमध्ये ५० म्हणजे फ्यूझर. टोनरची पूड कागदावर वितळवून पक्की करणारा हा भाग. पुढचा १ म्हणजे तापमान कमी, २ म्हणजे तापायला फार वेळ लागला, ३ म्हणजे जास्त तापला. तापमान मशीनला थर्मिस्टर या छोट्या सेन्सरकडून कळतं. ते ठरलेल्या आकड्याखाली राहिलं की मशीन हीटरची वीज तोडतं आणि कोड दाखवतं. म्हणजे फ्यूझर खराबच आहे असं हा कोड सांगत नाही. करंट पुरेसा पोचत नसेल किंवा थर्मिस्टर चुकीचं सांगत असेल, तरी हाच कोड येतो.

गार फ्यूझर तापताना सगळ्यात जास्त करंट ओढतो. म्हणून सकाळच्या एररला पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा, विशेषतः पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये. त्याच बोर्डच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) एसी व्होल्टवर ठेवून लावा. आधी नुसता व्होल्टेज बघा, २३० च्या आसपास हवा. मग प्रिंटर चालू करा आणि वॉर्मअप होईपर्यंत आकड्यावर नजर ठेवा. दोन-चार व्होल्ट उतरले तर हरकत नाही. पंधरा-वीस उतरत असतील, दुकानातला दिवा मिचमिचत असेल, तर सॉकेट ढिलं आहे किंवा एक्स्टेंशनची वायर बारीक आहे. वीस पानं काढून प्लग हाताला गरम लागतो का तेही बघा. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. कॉम्प्युटरच्या यूपीएसला तर कधीच नाही : ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो आणि फ्यूझर तापताना त्याहून जास्त ओढतो. साध्या इन्व्हर्टरची वीज मेन्ससारखी गुळगुळीत लहर (साइन वेव्ह) नसते, त्यावर हीटरचं नियंत्रण बिघडतं.

व्होल्टेज ठीक निघाला तर पुढची जागा फ्यूझरच्या कनेक्टरची, आणि नेमकी हीच बघायची राहून जाते. प्लग काढून अर्धा तास थांबा, कारण फ्यूझरला थेट मेन्सची वीज जाते आणि तो भाजण्याइतका तापलेला असतो. मग मेकॅनिकला हीटरचा कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. पांढरं प्लास्टिक पिवळं किंवा तपकिरी पडलंय, पिन काळी झालीय, वायरचं आवरण टोकाशी कडक होऊन तडकलंय, यातलं काहीही दिसलं तर चोर सापडला. जळक्या कनेक्टरवर नवा फ्यूझर लावला की सांधा पुन्हा तापतो आणि थोड्या दिवसांत तक्रार परत येते. तिथे नुसता डाग देऊन टेप गुंडाळणं चालत नाही. उष्णता सोसणारी वायर आणि नवे टर्मिनल पक्कडीने दाबून (क्रिंप करून) बसवावे लागतात. हा माल विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत मिळतो.

आता थर्मिस्टर. यासाठी एक सोपी खूण आहे. एरर येण्याआधी जे पान बाहेर पडतं त्यावर अंगठा घासा. अक्षरं पुसली गेली तर फ्यूझर खरंच गार आहे. पण अक्षरं पक्की, पान चांगलंच गरम आणि गोल वळलेलं, आणि तरी मशीन ‘गार’ म्हणतंय, तर थर्मिस्टर हीटरला नीट टेकलेला नाही किंवा बिघडलाय. हे जास्त धोक्याचं. मशीन आणखी तापवत राहतं आणि वरची टेफ्लॉन फिल्म सुरकुतून फाटते. प्लग काढलेला असताना हीटरचा रेझिस्टन्स मोजला तर दोन आकडी ओहम यायला हवा. मीटर ओपन दाखवत असेल तर हीटर किंवा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) गेला. थर्मिस्टरचा आकडा किलो-ओहममध्ये येतो आणि उष्णता लागली की उतरतो. अजिबात हलला नाही तर बदला. थर्मल फ्यूज गेला म्हणून वायरने शॉर्ट करून देणारे भेटतात. ते अजिबात करू देऊ नका, आग लागू शकते.

एवढं सगळं ठीक असेल तरच फ्यूझरवर पैसे घाला, आणि तो २२० व्होल्टचा आहे हे लेबलवर वाचून घ्या. बाहेरून आलेल्या जुन्या मालात ११० व्होल्टचे फ्यूझरही असतात. ते आपल्या विजेवर चौपट तापून लगेच जळतात. महिनाभरात गेलेला फ्यूझर जुनाच, फिल्म बदलून दिलेला होता का, हेही मेकॅनिकला स्पष्ट विचारा.

प्रश्न : आमच्या एम१००५ वर ‘५२ स्कॅनर एरर’ येतो, पण काचेवर ठेवून स्कॅन व्यवस्थित होतं. असं कसं?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : हा स्कॅनर वेगळा. आत लेझरचा किरण ड्रमवर (टोनर चिकटतो त्या नळकांड्यावर) फिरवणारा छोटा आरसा असतो, तो फिरवणाऱ्या मोटरने ठरलेला वेग पकडला नाही की ५२ येतो. चालू करताना कान द्या. बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जाऊन स्थिर व्हायला हवा. तो चढ-उतार करत राहिला तर बेअरिंग सुकलंय. आवाजच नाही तर आधी लेझर युनिटची चपटी रिबन केबल काढून परत बसवून घ्या, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीतर लेझर युनिट आख्खं बदलावं लागतं. झाकण काढून, सेफ्टी स्विच दाबून मशीन चालवू नका. हा लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो. फ्यूझर आणि लेझर युनिट दोन्ही गेले असतील तर मात्र या मशीनवर खर्च करू नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : पावसाळा लागला की कागद अडकतो, एरवी नाही. रोलर बदलू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी कागद बदला. उघडी रिम जून ते सप्टेंबर ओलावा पीत राहते. पानं एकमेकांना चिकटतात, फ्यूझरमध्ये वाफ होऊन वळतात आणि बाहेर पडताना अडकतात. रिम वेष्टणातच ठेवा, ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढीच पानं घाला, साधा ७५ जीएसएमचा कागद वापरा. तरीही अडकलं तर पिकअप रोलर आणि त्याच्या समोरचं सेपरेशन पॅड ओल्या, न झडणाऱ्या फडक्याने पुसा. पान उचललंच जात नसेल तर रोलर गुळगुळीत झालाय. दोन-तीन पानं एकदम जात असतील तर पॅड झिजलंय. कागद आत नसतानाही ‘जॅम’ दाखवत असेल तर कागदाच्या वाटेवरची सेन्सरची प्लास्टिकची काडी बोटाने हलवून बघा. ती लगेच जागेवर आली नाही, तर तिच्या बुडाशी कागदाचा कपटा अडकलेला असतो.