दीडच्या नंबराला एकचा चष्मा? आम्ही हेच करून बसलोय

ताई, तुम्ही विचारलंत की मुलगा आठ वर्षांचा, नंबर मायनस दीड म्हणजे लांबचं धूसर दिसतं, तर दुकानदाराचं ऐकू का; तो म्हणतो, 'पूर्ण नंबर नका देऊ, डोळ्याला सवय लागते, एकचाच टाकून देतो.' हेच वाक्य मी 2016 मध्ये नागपुरातल्याच एका दुकानात ऐकलं होतं. ऐकलं ते ऐकलं, वर मानही डोलावली.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. मोबाइल कमी, पुस्तक लांब वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

आमचा तेव्हा तिसरीत होता, नंबर सव्वा. चष्मा दिला पाऊणचा, आणि तोही 'घरी काढून ठेवत जा' या अटीवर. ही अट माझी, दुकानदाराची नाही. पोरगं वर्गात डोळे बारीक करून बसायचं, शेजारच्याच्या वहीतून उतरवायचं. बाईंचा निरोप आला की लक्ष नसतं. मी त्याला रागावले, एकदा मारलंही. ते अजून टोचतं. चौदा महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा नंबर तीन. पूर्ण नंबर दिला असता तरी वाढला असता कदाचित, या वयात वाढतोच. पण मलेशियात 2002 साली मुलांवर अभ्यास झाला, त्यात कमी नंबर दिलेल्यांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढलेला दिसला. पुढच्या सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही, हेही खरं. पण कमी दिल्याने भरवशाचा फायदा कोणी दाखवलेला नाही, आणि फळा न दिसण्याचा तोटा तर रोजचा आहे. वर चौदा महिने डॉक्टरांकडे गेलोच नाही, तो वेळ गेला तो गेला.

दुसरं, तुमचा दीड हा आकडा आला कुठून? दुकानातल्या कॉम्प्युटरवरून असेल तर त्यावर काच बनवू नका. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्याला ताण देतात आणि नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघू शकतो. थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच तपासणी करून घ्या. म्हणजे 'कमी द्यावा का' हा प्रश्न विचारण्याआधी खरा नंबर कळू द्या.

डोळ्यांच्या व्यायामाचं विचारलंत. मायनस नंबर बहुतेक वेळा बुबुळामागचा गोळा लांब झाल्याने येतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच नंबर. वाढलेली लांबी डोळे गरागरा फिरवून कमी होत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघणं चांगलं, डोळ्यांना आराम पडतो, पण त्याने नंबर उतरेल ही आशा नको. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचे जादा पैसे तर मी देणारच नाही. आणि गाजर खाऊ द्या, हलवाही करा, नंबराशी त्याचा संबंध नाही.

खरा उपयोग बाहेरच्या उजेडाचा, दिवसाला दोनेक तास. तैवानने 2010 पासून शाळांमधून 120 मिनिटं बाहेर हा कार्यक्रमच चालवला. नंबर लागू नये म्हणून हे जास्त कामाचं, लागलेला थांबवायला त्याची ताकद कमी. पण तुम्हाला धाकटी मुलगी आहे म्हणालात ना? तिच्यासाठी आजपासून.

आता तुम्ही म्हणाल, मे महिन्यात 45 डिग्रीत पोट्टे बाहेर कसे काढू? तर सकाळी साडेसहा ते साडेआठ. मानेवाड्याहून रेशीमबागेचं मैदान काही फार लांब नाही. झाडाच्या सावलीतही चालतं, तिथेही काही हजार लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, घरात ट्यूबखाली 300 ते 500. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावला की त्या खोलीची खिडकीच बुजते, बाकीच्या खिडक्यांना पडदे, आणि त्या अंधारात पोरं दोन महिने मोबाइल घेऊन लोळतात. आमच्याचा नंबर सुट्टीतच उडी मारायचा असा माझा संशय आहे. पुरावा काही नाही, आईचा संशय.

नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे अ‍ॅट्रोपिन या औषधाचे सौम्य थेंब आणि त्याच कामाच्या खास काचा, या दोन्हींबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आम्ही विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. आमचा आता कॉलेजात आहे, नंबर साडेपाच, दर वर्षी डोळ्याच्या आतला पडदा तपासून आणतो.

थेंबांच्या तपासणीला परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका, जवळचं धूसर दिसतं, वाचता येत नाही. आणि येताना ऊन सहन होत नाही, टोपी किंवा गॉगल सोबत ठेवा.