गवती चहा आणि तिखाडी: कापणी चुकली की तेल बिघडलं

प्रश्न (औसा तालुका): गवती चहाचा पाला भरपूर निघतो, पण टनाला दोन किलोही तेल उतरत नाही. ठोंब देणारा म्हणतो दीड महिन्याला कापा, दुकानदार म्हणतो युरिया वाढवा. तिखाडीही (रोशा गवत, पामरोझा) लावली आहे, ती कधी कापावी?

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. एकाला वर्षाच्या कापण्या जास्त दाखवायच्या आहेत, दुसऱ्याला गोण्या खपवायच्या आहेत. असे काळेभोर हिरवे प्लॉट मी बरेच पाहिलेत. बघायला झकास, तेल काढायच्या भट्टीत फुसके. युरिया दुप्पट टाकला की पाला वाढतो, पाल्यात पाणी वाढतं, तेलाचा टक्का घसरतो. नत्र (म्हणजे युरियाच) कापणीनंतर ओलीवर, विभागून द्या. कापणीच्या तोंडावर मुळीच नाही. ‘तेल वाढवणारं टॉनिक’ म्हणून बाटली गळ्यात मारतील, तीही घेऊ नका.

गवती चहाची पहिली कापणी लागवडीनंतर सुमारे 4 महिन्यांनी, पुढच्या कापण्या दर 60 ते 75 दिवसांनी, जमिनीपासून 10 ते 15 सेंमी वर. लवकर कापलं तर ठोंब खचतो, लांबवलं तर पात वाळते आणि तेल घटतं. भट्टीचा नंबर लागला म्हणून झडीत विळा लावू नका. नंबर गेला तर जाऊ द्या! दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्या, दव उडाल्यावर कापा.

कापलेला पाला एक दिवस सावलीत पातळ पसरून सुकवा. हे मी प्रत्येक शिवारात सांगतो, करतात थोडे. सुकलेला पाला भट्टीच्या टाकीत जास्त मावतो, जळण वाचतं. ढीग मात्र घालू नका. ढीग आतून तापतो आणि तेलाला कुबट वास येतो.

तिखाडीचं गणित वेगळं. तिचं तेल मुख्यतः फुलोऱ्यात. फुलं उमलल्यावर 7 ते 10 दिवसांनी कापा. तेलात जिरॅनिल ॲसिटेट आणि जिरॅनिऑल हे दोन सुगंधी घटक असतात; कोवळ्या फुलोऱ्यात पहिला जास्त, दुसरा कमी, आणि खरेदीदार भाव पाडतो तो जिरॅनिऑलवरच.

योजना: सुगंधी पिकांसाठीचं सरकारी अरोमा मिशन 2017 पासून सुरू आहे, लखनौच्या सीमॅपकडे (औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था) गटाने विचारा. भट्टीची सोय आधी, वाढीव लागवड नंतर.

तेलातलं पाणी पूर्ण काढून कोरड्या ॲल्युमिनियमच्या डब्यात काठोकाठ भरा, अंधारात ठेवा. गंजका लोखंडी डबा नको. आणि युरियाची जादा गोणी आणली असेल तर ती दुकानात परत करा.