भिडस्त पोराला पत्र

विश्रामबाग, सांगली

चि. यास अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. ‘माझा स्वभाव स्कूबा इन्स्ट्रक्टर होण्यासारखा आहे का?’ एवढंच तुला विचारायचं होतं, पण ते विचारायला तू दीड पान आईची तब्येत आणि पाऊस यांत घालवलंस. माझं अर्धं उत्तर त्या दीड पानातच आहे.

पॅडीच्या, म्हणजे स्कूबाची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या, इन्स्ट्रक्टर कोर्सला बसायला ६० डाइव्ह लागतात आणि परीक्षेपर्यंत १०० पुऱ्या कराव्या लागतात. त्यामुळे तिथे येणारा प्रत्येक जण पाण्यात मुरलेला असतो. खोट असते ती स्वभावात. कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या टाकणारे आपल्याकडचे पट्टीचे पोहणारे घे. मास्कमध्ये जरा पाणी शिरलं की समोरचा का गडबडतो, हेच त्यांना उमगत नाही. चार फटक्यांत ते पुढे जातात, विद्यार्थी मागे. मग पुस्तकी मंडळी. दहा मीटरवर दाब दुप्पट, हवेचं आकारमान निम्मं, हे झोपेतून उठवलं तरी म्हणतील. थिअरीत ७५ टक्क्यांना पास असतं, हे पंच्याण्णव आणतात आणि विद्यार्थी कुडकुडायला लागला तरी यांचं व्याख्यान संपत नाही. विनोदवीरही एखादा असतो. तो मला आवडतो, पण ब्रीफिंगमध्ये नको. घाबरट मात्र बरे. टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा गेज तीनदा बघतात.

हे सगळे सुधारतात. मला घोर असतो भिडस्तांचा, आणि तू त्यातला आहेस. तलावातल्या सरावात तुझा मास्क गळत होता, तरी शेवटपर्यंत बोलला नाहीस. का, तर ‘इतरांचा खोळंबा नको.’

कोर्समध्ये तुम्हीच एकमेकांचे विद्यार्थी होता. एकाला गुपचूप सांगून ठेवलेलं असतं, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं ते साधन, तोंडातून काढलास की बुडबुडे सोडू नकोस, श्वास धरून ठेव. शिकवणाऱ्यानं ते तिथल्या तिथे पकडायचं. भिडस्ताला ते दिसतं बरं का! पण चारचौघांत मित्राला कसं टोकायचं, म्हणून तो बोटांनी ‘ओके’ करून पुढे सरकतो. परीक्षेत याचे गुण जातील, ते जाऊ देत. समुद्रात श्वास धरून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि इजा व्हायला दीड मीटरही पुरतं.

उद्या मालवणला साताऱ्याचं एखादं कुटुंब तुझ्याकडे येईल. पैसे भरलेले, बोट तयार, आणि दाजींना सर्दी. ‘चालतंय की, सांगलीचंच पोरगं आहे,’ म्हणतील. सर्दीत कानातला दाब जुळत नाही, जबरदस्तीनं खाली नेलं तर पडदा फाटतो. तिथे तुला नाही म्हणायचंय, तेही बोटवाल्यासमोर. बाकीच्यांनी डाइव्ह केल्यावर तीच मंडळी संध्याकाळीच निघायचं म्हणतील. सातारा सातशे मीटरांच्या वर आहे, आणि डाइव्हनंतर लगेच सहाशेच्या वर चढणं विमानात बसण्याइतकंच धोक्याचं धरतात. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास थांबायचं. ‘आज मुक्काम करा’ असं पाहुण्यांना सांगणं तुला जड जाईल, मला माहीत आहे. घरी तर तू पाहुण्यांना ‘चहा संपलाय’ एवढंही सांगत नाहीस.

नकाराचं कारण एकदाच द्यायचं. दुसऱ्यांदा दिलंस की घासाघीस सुरू होते. पाण्याखाली हे सोपं केलेलं आहे: कुणीही अंगठा वर केला की डाइव्ह संपली, सगळे वर, का ते तिथे कुणी विचारत नाही. जमिनीवर तोंडानं बोलावं लागतं, म्हणून सवय जमिनीवरच लाव. मंडईत पिवळी मेथी हातात पडली तर जुडी परत कर. मित्र उसनी गाडी मागेल, त्याला एकदा नाही म्हणून बघ. दोन दिवस रुसेल.

फीचे पैसे एवढ्यात भरू नकोस. आधी रविवारी सकाळी तलावावर ये. उतरण्याआधीची जोडीदाराची तपासणी तू माझी करायचीस. माझ्या सामानात एक खोट मुद्दाम ठेवलेली असेल. मी घाई करीन, वयाचा मान सांगीन, वेळ पडली तर चिडेनही. मला पाण्यात उतरू द्यायचं नाही.

कळावे.