गाडीतून न उतरलेली मुलगी

दर वर्षी स्प्रिंग ब्रेकची सुट्टी संपली की एकच तक्रार कानावर येऊ लागते. मध्य न्यू जर्सीतल्या मराठी घरांतले आईबाबा खुर्चीत नीट टेकायच्या आत ती सांगून मोकळे होतात. "अकरावी संपत आली. सुट्टीत पाच कॉलेजं दाखवून आणली, आणि हिला काही पडलेलंच नाही. आवडलं का विचारलं तर 'फाइन'. नाही आवडलं का, तरी 'फाइन'."

या काळजीत तथ्य आहे. सीईटी, गुणवत्ता यादी, प्रवेशफेऱ्या या वाटेने आलेल्या आईबाबांच्या डोक्यात क्रम पक्का असतो: आधी मार्क, मग कॉलेज. अमेरिकेत बारावीचं वर्ष, म्हणजे सीनियर इयर, सुरू होऊन दोन-चार महिने होतात तोच अर्ज रवाना झालेले असतात. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं संकेतस्थळ, १ ऑगस्टला उघडतं, लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते. तेव्हा मुलाने कॉलेजबद्दल मनात काहीतरी ठरवायचं ते अकरावीच्या वसंतात आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात. नेमकं त्याच वेळी मूल गप्प बसलं की घाबरायला होतंच.

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या घरांपैकी पुढे सांगते ते कुटुंब एकच नाही. तीन-चार घरांतली माणसं एकत्र करून आणि ओळखीच्या खुणा पुसून ते उभं केलं आहे. मुलगी सोळा वर्षांची. बाबा आयटीत, आई फार्मा कंपनीत. बाबांनी स्प्रेडशीटमध्ये एकोणीस कॉलेजं घातली होती. कॉमन ॲपमध्ये वीसच मावतात, म्हणून एक जागा "तिच्या आवडीसाठी" रिकामी ठेवलेली. पाचव्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये मुलगी गाडीतून उतरलीच नाही. पाय दुखतात म्हणाली. बाबा एकटेच टूर करून आले आणि रस्ताभर तिला कॉलेजची माहिती सांगत राहिले.

पहिल्या भेटीत मी आईला विचारलं, "टूरवर कोण किती प्रश्न विचारतं?"

आईने मोजून सांगितलं. "हे दहा-अकरा तरी. प्लेसमेंट, इंटर्नशिप, रात्रीची सुरक्षा, व्हेज जेवण. मी एखादा. ही एकही नाही."

मुलीशी एकटीने बोलले तेव्हा ती म्हणाली, "बाबा सगळं विचारतो. मग मी काय विचारू? आणि सगळे आमच्याकडेच बघतात."

उपाय समोरच होता. टूरसाठी गर्दी असली की बहुतेक कॉलेजं लोकांचे दोन-तीन गट करून वेगवेगळ्या विद्यार्थी-गाइडबरोबर पाठवतात. म्हटलं, पुढच्या वेळी बाबा एका गटात, मुलगी दुसऱ्या गटात. परत गाडीत बसल्यावर पहिला तासभर "आवडलं का?" हा प्रश्न बंद. तिघांनी आपापल्या फोनवर तीन-तीन ओळी लिहायच्या आणि त्या रात्री जेवताना वाचायच्या.

अर्धंच काम झालं. मुलगी गाडीतून उतरली, एकटी हिंडली, प्रश्नही विचारले. तीन ओळी मात्र वेलकम पत्रकातून उतरवल्यासारख्या. शेवटी पुन्हा 'फाइन'.

अशा वेळी पहिल्या तर्काला चिकटून बसू नये. मूल बोलत नसेल तर मी मुलाकडे कमी आणि घराकडे जास्त बघते. एकाच्या छातीतली धडधड दुसऱ्याच्या गप्प बसण्यातून बाहेर पडते. घरात कशाबद्दल बोललं जात नाही, ते सापडलं की मूल का बोलत नाही तेही सापडतं. इतक्या वर्षांत या वाटेने मला क्वचितच हात हलवत परत पाठवलं आहे.

तिसऱ्या भेटीत प्रश्न उलटा केला. "सगळ्यात नावडलेलं कॉलेज कोणतं?"

ती क्षणभरही थांबली नाही. "ते डोंगरातलं. लॅब बेसमेंटमध्ये. डायनिंग हॉल साडेसातला बंद. पहिल्या वर्षाच्या बायोलॉजीला तीनशे मुलं, आणि गाइडला प्रोफेसरचं नावपण आठवेना."

जिला काही पडलेलं नाही ती मुलगी डायनिंग हॉलची वेळ लक्षात ठेवत नाही. हिने सगळं बघितलं होतं, बाबांपेक्षा बारकाईने. म्हणजे बघणं अडलं नव्हतं. नावडलेलं सांगणंही अडलं नव्हतं. 'आवडलं' एवढा एकच शब्द अडला होता.

"आणि आवडलेलं?"

गप्प.

"समजा, एखादं आवडलं. तर काय होईल?"

खूप वेळ गेला. मी घाईने भरून काढला नाही. मग ती खाली बघत म्हणाली, "मला आवडलं तर बाबा नाशिकचा फ्लॅट विकेल. आजी राहते तिथे."

रात्री स्वयंपाकघरातलं बोलणं तिने जिन्यावरून ऐकलं होतं. त्यानंतर तिने स्वतःशी एक करार करून टाकला: काहीच आवडलं नाही, तर कुणाचं काही विकलं जाणार नाही. आईबाबा ज्याला बेफिकिरी म्हणत होते, ती त्यांच्यासाठी, आणि आजीसाठी, राखलेली जागा होती.

पुढच्या भेटीत तिघं एकत्र. तिने तेच वाक्य बाबांसमोर म्हटलं. बाबा म्हणाले, "अगं, पैशांचं तू बघू नकोस, असं सांगितलं होतं ना तुला?"

"म्हणूनच बघत होते."

बाबांनी चष्मा काढून हातात धरला. "बोललो होतो एकदा. खोटं नाही सांगत. पण विकणार नाही." मग आईने आकडा सांगितला. कर्ज न काढता वर्षाला ३८ हजार डॉलर. त्या घरात हा आकडा मुलीसमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला. मुलीने विचारलं, "चार वर्षं? का फक्त पहिलं?" त्या एका प्रश्नात बाबांच्या स्प्रेडशीटमध्ये नसलेला रकाना होता. त्यावर तिघं अर्धा तास बोलली आणि मला मध्ये एकही शब्द घालावा लागला नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी आधी पैशांकडे वळवते, कॉलेज बघायला मागाहून. पहिली टूर ठरवण्याआधी मुलाला आकडा सांगा: वर्षाला किती, किती वर्षं, त्यात कर्ज किती धरलं आहे. अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च आता ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना रटगर्स हे राज्याचं सरकारी विद्यापीठ त्याच्या निम्म्याहून कमीत पडतं. छापील किंमत सगळ्यांना लागू होत नाही. मदत वजा जाता तुमच्या घराला किती पडेल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो, २०११पासून तो कायद्याने सक्तीचा आहे. शेवटचं कर विवरणपत्र आणि बँक शिल्लक हाताशी घेऊन बसलात तर एका कॉलेजला वीसेक मिनिटं लागतात. स्वतःचा धंदा, भाड्याची मालमत्ता किंवा घटस्फोट असेल तर अंदाज चुकतो. तिथे कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला सरळ विचारावं.

भारतातला फ्लॅट इथल्या कागदात येत नाही, असं बरेच आईबाबा धरून चालतात. तसं नाही. राहतं घर आणि ४०१-केसारखी निवृत्तीची शिल्लक फॅफ्सात, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीच्या अर्जात, मोजत नाहीत. दुसरं घर, मग ते नाशिकचं का असेना, गुंतवणूक म्हणून दाखवावं लागतं. फॅफ्सा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, आणि त्यात उत्पन्न धरतात ते दोन वर्षं मागचं, म्हणजे मूल दहावीच्या मध्यावर असल्यापासून अकरावीच्या मध्यापर्यंतचं. अकरावीच्या मेमध्ये जागे झालेल्या घराचं ते वर्ष उलटून गेलेलं असतं. मुलाच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी साडेपाच हजार डॉलरच मिळतं. आईबाबांच्या नावावरच्या प्लस कर्जालाही १ जुलै २०२६पासून मर्यादा आली आहे, एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार. 'पुढे बघू, कर्ज काढू' हे वाक्य पूर्वी चालायचं, आता त्याला छत आहे.

मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे आईबाबांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असेल तर वेगळंच गणित. त्याला सरकारी मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, म्हणजे बहुधा कॉलेज चालू असतानाच. हेही मुलापासून लपवलेलं असतं आणि तेही त्याला कुठूनतरी कळलेलं असतं. आधी वकिलाशी बोला, मग त्याच आठवड्यात मुलाशी.

लवकरच्या अर्जांतला एक प्रकार अर्ली डिसिजन. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो अर्ज बांधून घेतो: विद्यार्थी, पालक आणि शाळेतले समुपदेशक तिघांची सही असते आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत अगदीच अपुरी असेल तर सुटता येतं, पण दोन कॉलेजांचे देकार शेजारी ठेवून बघायची संधी गेलेली असते. ज्या घरात आकड्यावर बोलणं झालेलं नाही त्या घराने त्या वाटेला जाऊ नये. अर्ली ॲक्शन या दुसऱ्या प्रकारात असं बंधन नसतं.

आता प्रत्यक्ष भेटी. लांबची विमानाची तिकिटं काढण्याआधी घराजवळची तीन वेगवेगळ्या आकाराची कॉलेजं बघावीत. आमच्या पट्ट्यात रटगर्सचं न्यू ब्रन्सविक, युइंगचं टीसीएनजे आणि न्यूअर्कचं एनजेआयटी एकेका सकाळी होतात. मोठं की लहान, शहरात की बाहेर, याचं उत्तर मुलाला तिथेच मिळतं, आणि त्याने पुढच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. रटगर्सला गेलात तर टूरवर भागवू नका. मुलाने बुश कॅम्पसवरून कॉलेज ॲव्हेन्यूपर्यंत बसने एकट्याने जाऊन यावं, वर्ग सुटायच्या वेळेला. चार वर्षं जे रोज करायचं ते एकदा करून बघितलेलं बरं.

दिवसाला दोनच कॉलेजं. माहितीसत्र आणि टूर मिळून अडीच तास जातात, तिसऱ्या ठिकाणी मुलाला काही दिसत नाही. वर्ग चालू असलेला सोमवार ते गुरुवार निवडा आणि त्या कॉलेजची स्प्रिंग ब्रेक तुमच्या सुट्टीतच नाही ना, ते आधी तपासा. रिकामा कॅम्पस बघून आलेली मुलं "डिप्रेसिंग होतं" म्हणतात आणि चांगलं कॉलेज यादीतून जातं. नावनोंदणी मुलाने स्वतःच्या ईमेलने करावी. काही कॉलेजं विद्यार्थ्याने दाखवलेला रस मोजतात. मोजतात की नाही हे त्या कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमध्ये, म्हणजे कॉलेज स्वतः प्रसिद्ध करतं त्या आकडेवारीच्या कागदात, सी-७ या तक्त्यात लिहिलेलं असतं. त्याच कागदात किती मुलं वेळेत पदवी घेतात आणि वर्ग किती मोठे असतात तेही मिळतं. बाबांचे दहातले सहा प्रश्न तिथेच सुटतात, टूरवर विचारायची गरज राहत नाही.

मुलाने गाइडखेरीज आणखी दोघांशी बोलावं, जेवणाच्या रांगेतल्या कुणाशीही. "मागच्या आठवड्यात कशाचा वैताग आला?" एवढं विचारलं तरी खूप कळतं. कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर एक प्रश्न सक्तीचा: आत आल्यावर शाखा बदलता येते का? इलिनॉयच्या अर्बाना-शँपेनला किंवा सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बाहेरून त्या शाखेत शिरणं जवळपास बंद आहे. "आधी प्रवेश घे, मग बदल" हा आपल्याकडचा सल्ला तिथे चार वर्षांना पडतो.

या घरात एकोणीसची यादी नऊवर आली. तिने स्वतः कापली. प्रत्येक नावाशेजारी आईने कॅल्क्युलेटरचा आकडा लिहिला, आणि ३८ हजारांच्या वरची दोनच ठेवली, शिष्यवृत्ती मिळाली तरच, अशी खूण करून. जूनमध्ये सुट्टी लागायच्या आधी तिने दोन शिक्षकांना शिफारसपत्रासाठी विचारलं. सप्टेंबरात विचारणाऱ्यांची रांग मोठी असते. ६५० शब्दांच्या निबंधाचा पहिला खर्डा तिने ऑगस्टअखेर लिहिला आणि आईबाबांना दाखवला नाही. दाखवू नये असंच मी सांगितलं होतं, एकदा इंग्रजीच्या बाईंना दाखवला तेवढा पुरे.

बारावीभर रोजची विचारपूस थांबवायला मी एक वेळ बांधून देते: रविवारी संध्याकाळी अर्धा तास, चहाबरोबर. कॉलेजचं जे काही ते तेव्हाच. बाकी सहा दिवस तो विषय जेवणाच्या ताटावर नाही, गाडीत नाही, भारतातल्या फोनवर नाही. पहिले दोन रविवार बाबांना जड गेले. बुधवारीच आठवलेला प्रश्न ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवायचे, आणि रविवारपर्यंत त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मुलीने परस्पर खाली लिहिलेली असायची. दिवाळी आणि १ नोव्हेंबर एकमेकांना खेटून येतात, म्हणून लवकरचे अर्ज दसऱ्याला तयार ठेवायचं ठरलं. मंडळाच्या दिवाळीत "कुठे कुठे टाकलंय?" असं कुणी विचारलं की काय सांगायचं, हे तिघांनी आधीच ठरवलं होतं: "मेमध्ये सांगतो."

१ मेच्या आत तिने एका कॉलेजचे पैसे भरले. त्या उन्हाळ्यात ती अठराची झाली. १९७४च्या फर्पा कायद्यानुसार शिक्षणाच्या नोंदींवरचा हक्क त्या दिवशी पालकांकडून मुलाकडे जातो. फी आईबाबा भरत असले, तरी कॉलेज गुण सहसा त्यांना कळवत नाही. वैद्यकीय माहितीचंही तसंच, म्हणून अठरा होताच हेल्थ केअर प्रॉक्सीचा, म्हणजे गरज पडली तर मुलाच्या वतीने वैद्यकीय निर्णय कुणी घ्यायचे याचा, कागद करून ठेवावा. पोर्टलवर परवानगीचे दोन चौकोन होते. तिने बिलाच्या चौकोनावर खूण केली, गुणांचा मोकळा ठेवला आणि लॅपटॉप बाबांकडे वळवला. बाबांनी वाचलं आणि विचारलं, "पहिलं बिल कधी येतं?"