दहावीला ५८ टक्के पडलेत, सोलापुरात राहतो. मुलाला अकरावीला घालावं की आयटीआयला? आयटीआय केलं तर बारावी कायमची गेली का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाच्या बाबांना अकरावी सायन्सच पाहिजे, मामा म्हणतोय आयटीआय, आणि शेजारच्या काकू म्हणतात आयटीआय म्हणजे ढ पोरांचं, उद्या लग्नाला पण कोणी विचारणार नाही. लग्नाचं मला काही सांगता येणार नाही, माझं झालं एकदाचं. बाकीचं सांगतो, कारण मी स्वतः ह्याच वळणावरनं गेलोय, आणि आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दरवर्षी आयटीआयची चार-पाच पोरं हाताखाली येतात.

आधी सरळ उत्तर. बारावी जात नाही. पण आपोआप मिळत पण नाही, आणि गडबड सगळी हितंच होते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा कोर्स, केला की राज्य मंडळाकडं ट्रान्सफर ऑफ क्रेडिट म्हणून सोय आहे, म्हणजे आयटीआयच्या विषयांचे मार्क बोर्डाकडं वर्ग होतात, पोरानं भाषेचे पेपर तेवढे बोर्डाचे द्यायचे, पास झाला की बारावी. त्याचा फॉर्म बारावीच्या रेग्युलर फॉर्मांच्या वेळेलाच भरावा लागतो. माझ्याकडं आलेल्या पोरांना विचारलं की तुम्ही भरला का रे, तर निम्म्यांना असं काही असतं हेच माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांची तारीख गेलेली असते. मग चार वर्षांनी पोलीस भरतीला बारावी लागते म्हणल्यावर पळापळ. एक मात्र आहे, ह्या बारावीवर बी.एस्सी.ला जाता येणार नाही, फिजिक्स-केमिस्ट्री केलेलंच नसतं ना. डिप्लोमाचा रस्ता वेगळा आहे, दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमावरनं पुढं थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. रस्ता खरा आहे पण घाटाचा आहे, कारण पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि पोरगं जाऊन डायरेक्ट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसतं. जायचा विचार असेल तर आयटीआयला असतानाच संध्याकाळी गणिताला कोणाकडं तरी बसवा, आयटीआयच्या वर्कशॉप कॅल्क्युलेशन विषयाच्या भरवशावर राहू नका.

आता ढ पोरांचं ह्या गोष्टीवर थोडं बोलतो, तुम्ही विचारलं नाही तरी.

आमचे वडील सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, जुळवून देणारा माणूस. वीस माग एकदम चालू असताना ते शेडच्या बाहेर पान खात उभे राहायचे आणि तिथनं सांगायचे, सात नंबरचा धोटा (दोरा घेऊन ये-जा करतो तो) नीट जाईना बघ. आत जाऊन बघावं तर सातच. शिक्षण चौथी. पुढं कारखान्यात बिनधोट्याचे नवे माग आले, शेठनी एक डिप्लोमावाला पोरगा घेतला, त्याला सहा महिने वडिलांनी शिकवलं, आणि सातव्या महिन्यात तो त्यांचा साहेब झाला. त्या पोराची काही चूक नाही, चांगला होता, दिवाळीला घरी यायचा. पण वडिलांच्या हातात जे होतं ते लिहून देणारा एक कागद त्या वेळी त्यांना कुठंच मिळाला नाही. आता आरपीएल म्हणून आलंय, म्हणजे काम येत असेल तर थोडं ट्रेनिंग, परीक्षा आणि सर्टिफिकेट, २०१५ ला कौशल्य विकास योजनेत आणलं. तोवर वडिलांचे गुडघे गेलेले.

आणि माझं बरोबर उलटं झालं. १९९४ ला दहावी, ५२ टक्के, म्हणून एमसीव्हीसीला घातलं. हे बारावीचंच व्होकेशनल, महाराष्ट्रात १९८८ पासून सुरू झालेलं, पुढं त्याला एचएससी व्होकेशनल म्हणायला लागले. माझा कोर्स घरगुती विजेच्या उपकरणांची दुरुस्ती. इंग्रजी, मराठी, जनरल फाउंडेशन कोर्स आणि तीन पेपर व्होकेशनलचे. कागदावर झकास. प्रत्यक्षात आमच्या कॉलेजात एक टेबल फॅन आणि एक मिक्सर होता, दर बॅचनं तेच उघडायचे आणि तेच बसवायचे, मिक्सरचे स्क्रू इतके घासलेले की शेवटी सर म्हणले आता नुसतं वहीत आकृती काढा. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात लिहिलेलं होतं की उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्होकेशनलला जातील. मी १९९५ ला नेमका बारावीत होतो. आर्ट्सची तुकडी ओसंडून वाहायची आणि आमच्या वर्गात बाकं रिकामी.

बारावीनंतर एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस, तिथं मी पॅनल पुसले आणि चहा आणला. सर्टिफिकेट मिळालं पण. खरं काम शिकलो ते नंतर एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, मिस्त्री कानाखाली मारायचा पण कॉइल भरायला त्यानंच शिकवलं, आणि त्याच्याकडचे तीन वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणजे वडिलांकडं हात होता कागद नव्हता, माझ्याकडं कागद होता हात नव्हता, आणि दोघांना पगार देणारा माणूस एकाच पेठेतला.

म्हणून ह्या सुधारणांच्या बातम्या वाचल्या की मी एकच बघतो, पोराच्या हातात खरं मशीन कधी येणार. २०२० च्या नव्या धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के मुलांना व्होकेशनलची ओळख झाली पाहिजे, त्याच धोरणात हे पण कबूल केलंय की १९ ते २४ वयातल्या काम करणाऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांपेक्षा कमी, आणि जर्मनीत ७५. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, कारागिरांकडं जाऊन शिकायचं असं त्यात आहे. माझ्या मुलीच्या शाळेनं त्या दिवसात पणत्या रंगवून घेतल्या. सोलापुरात! शाळेपासून पाच मिनिटांवर माग खडखडतायत, शिलाईचे युनिट आहेत, अख्ख्या देशाला युनिफॉर्म जातो हितनं, आणि आम्ही पणत्या रंगवतो.

होत नाही असं नाही. पाबळला, पुणे जिल्ह्यात, डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, त्यांचा आयबीटी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, नावाचा विषय शाळांमधून चालतो, त्यात पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक-आरोग्य सगळं करतात आणि मुख्य म्हणजे गावातल्या लोकांचं खरं काम करून देतात. गेट बसलं नाही तर गेटवाला ओरडतो. तो ओरडा पाहिजे, आमच्या त्या मिक्सरच्या नावानं कोणीच ओरडणारं नव्हतं.

असो, तुमच्या मुलाकडं येतो. ट्रेड दोन वर्षांचाच घ्या. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटरचा), डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. वेल्डर वाईट नाही, चांगला वेल्डर आमच्या इथं फिटरपेक्षा जास्त कमावतो, पण तुम्हाला बारावी आणि डिप्लोमाची दारं उघडी ठेवायची आहेत म्हणून सांगतोय. पाटीवर जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री असं लिहिलेलं असतं, घाबरू नका, फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमनच ते. आणि प्रायव्हेटला जाणार असाल तर त्या ट्रेडला केंद्राची मान्यता (लोक अजून एनसीव्हीटी म्हणतात ती) आहे का हे आधी विचारा, इमारत नंतर बघा.

आणि खरा प्रश्न दोन वर्षांनंतरचा आहे, तो कोणी विचारत नाही. अप्रेंटिसशिप. ज्या ठिकाणी ३० किंवा जास्त माणसं आहेत त्यांना कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के, आणि २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला महिना कमीत कमी ७००० रुपये धरले होते. आता तुम्हीच बघा, सोलापुरातले किती कारखाने ३० च्या वर माणसं दाखवतात? आठ माग, बारा माग, कांड्या भरणाऱ्या चार बायका, संपलं. ह्यांना अप्रेंटिस सक्तीचा नाहीच. म्हणून आयटीआय झालेली पोरं बॅग भरून पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडतात आणि चाकण-भोसरीला जातात, आणि हितं आमचा शेठ म्हणतो माणसं मिळत नाहीत. मला विचाराल तर ह्या बारक्या शेडवाल्यांनी पाच-सहा जणांनी मिळून एक पोरगा घ्यायची सोय नीट केली आणि आयटीआयनं त्याचं रजिस्टर सांभाळलं तर पूर्व भागातच दोन-तीनशे पोरं लागतील, पण मी कोण सांगणारा, मी मोटारी बघतो. तुम्ही मात्र मुलगा दुसऱ्या वर्षाला गेला की लगेच महावितरण, रेल्वे, साखर कारखाने, चिंचोळी एमआयडीसी इथं चौकशी सुरू करा, निकालाची वाट बघू नका. साखर कारखान्यात सीझनला फिटर-इलेक्ट्रिशियन लागतातच.

बाबांचा सायन्सचा हट्ट असेलच तर एक मधला रस्ता आहे. अकरावी सायन्सला बायफोकल, म्हणजे २०० मार्कांचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय मिळतो, त्याच्या बदल्यात एक भाषा आणि एक विषय सुटतो. पण ५८ टक्क्यांत गणितात किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. ४० च्या खाली असतील तर ऐका माझं, दोन वर्षं क्लासची फी भरून शेवटी आयटीआयलाच याल, फक्त पोरगं तोवर स्वतःला ढ समजायला लागलेलं असेल. मुलालाच विचारा की, तो काय म्हणतो हे तुमच्या अख्ख्या प्रश्नात कुठंच नाही.

आयटीआयच्या प्रवेशाच्या फॉर्मचं शेवटचं. ऑप्शन भरताना पहिल्या नंबरला तोच ट्रेड टाका जो खरंच पाहिजे, कारण पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतनं नाव जातं. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एकानं गंमत म्हणून भलताच ट्रेड वर टाकला आणि तोच लागला. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर जे लागू असेल ते आत्ताच सेतूला टाका. आणि मोबाईल नंबर पोराचा नको, तुमचा द्या, ओटीपी त्यावर येतो आणि ही पोरं सहा महिन्यात सिम बदलतात.