तांब्याचे संमिश्र, जटिल की संकुल?

प्रश्न असा आला आहे: पॉलिव्हिनिलपिरिडीन या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) तांब्याचे आयन बसवले आणि नमुन्यांचा ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनांचा संकेत टिपणारी पद्धत) घेतला. प्रबंधाच्या मराठी सारांशाला ‘बहुवारिकातील तांब्याच्या संमिश्रांचा इलेक्ट्रॉन अनुचुंबकीय अनुनाद’ असे शीर्षक, म्हणजे इंग्रजी ‘कॉम्प्लेक्स’साठी ‘संमिश्र’, चालेल का?

‘संमिश्र’ अजिबात नको. गणितातल्या ‘संमिश्र संख्ये’मुळे हात त्या शब्दाकडे जातो हे खरे, पण पदार्थांबद्दल बोलताना संमिश्र म्हणजे कॉम्पोझिट. काचतंतू आणि रेझिन एकत्र नांदतात, तरी काच काचच राहते. तुमच्या कामात तर नेमका हाच मुद्दा तपासायचा आहे: तांब्याचा क्षार बहुवारिकात नुसता मिसळला आहे, की साखळीवरच्या पिरिडीनमधल्या नायट्रोजनांनी तांब्याला धरले आहे?

ईपीआर हे सांगू शकतो. द्विसंयुजी तांब्याच्या डी कक्षकांत ९ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे एक बिनजोडीचा उरतो आणि त्याचाच संकेत मिळतो. तांब्याच्या ६३ आणि ६५ या दोन्ही स्थिर समस्थानिकांची अणुकेंद्रीय फिरकी ३/२ आहे, म्हणून एका रेषेच्या चार होतात. भोवती नुसते पाणी असेल तर ‘जी-समांतर’ (संकेत कुठे दिसतो ते सांगणारा अंक, रेणूचा अक्ष क्षेत्राला समांतर असतानाचा) २.४ च्या आसपास येतो. पाण्याच्या जागी चार नायट्रोजन आले की तो २.२५ च्या आसपास उतरतो आणि त्या चार रेषांमधले अंतर वाढते. आलेख पुरेसा स्वच्छ असेल तर नायट्रोजनांच्या बारीक रेषाही दिसतात. चार समान नायट्रोजन असतील तर नऊ. उलट, तांब्याचे आयन एकमेकांना खेटून गोळा झाले असतील तर सगळे पसरून एकच रुंद रेषा उरते. ज्या नमुन्यात नायट्रोजनांची पकड दिसत नाही, त्याला मिश्रणच म्हणा.

आता पकड दिसली तर काय म्हणायचे? ‘जटिल’ मला मनापासून आवडतो. ‘कॉम्प्लेक्स’च्या मूळ लॅटिन शब्दात एकत्र वेणी घालण्याचा अर्थ आहे आणि ‘जटिल’मध्ये जटा आहेत, इतकी जवळची जोडी क्वचित सापडते. अडचण वापराची आहे. आजच्या मराठीत जटिल म्हणजे किचकट. ‘तांब्याचे जटिल संयुग’ वाचणाऱ्याला ते समजायला अवघड असलेले संयुग वाटेल. शिवाय ते विशेषण. ‘जटिलाचा’, ‘जटिलांमध्ये’ असे चालवले की कानाला खटकते. ‘संकुल’ मात्र नाम म्हणून सहज चालते. क्रीडासंकुलामुळे त्याचा अर्थही ओळखीचा झाला आहे: एका ठिकाणाभोवती जमलेला, एकमेकांशी बांधलेला समूह. मधे तांबे, भोवती त्याला धरणारे लिगंड, इथे पिरिडीनचे नायट्रोजन. मी ‘संकुल’च घेईन.

‘अनुचुंबकीय’ आणि ‘अनुनाद’ हे हिंदी पाठ्यपुस्तकांतले प्रचलित शब्द. चूक नाहीत, पण मराठीत ‘समचुंबकीय’ आणि ‘अनुस्पंदन’ रुळलेले आहेत. अनुनादात ‘नाद’ आहे, आणि इथे नमुन्यावर पडतात ते साधारण ९.५ गिगाहर्ट्‌झचे सूक्ष्मतरंग. तिथे स्पंदनच शोभते. ‘सम’बद्दल शंका येऊ शकते. ‘पॅरामॅग्नेटिक’मधले ‘पॅरा’ हे उपपद फॅरेडेला विल्यम व्हेवेल या इंग्रज विद्वानाने सुचवले, ते चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळणाऱ्या पदार्थांसाठी. क्षेत्राला आडवे वळणाऱ्या बिस्मथसारख्यांसाठी ‘डाया’. ‘समांतर’मधला ‘सम’ आठवला की अर्थ पक्का बसतो.

एक माहिती प्रस्तावनेत जरूर घाला: १९४४ मध्ये रशियातल्या काझानला झावोइस्की या भौतिकशास्त्रज्ञाने ईपीआरचा परिणाम प्रथम नोंदवला, तेव्हाच्या त्याच्या नमुन्यांत तांब्याचे क्षारही होते.

शीर्षक असे करा: ‘बहुवारिकातील तांब्याची संकुले: इलेक्ट्रॉन समचुंबकीय अनुस्पंदनाने केलेला अभ्यास’. पुढे मजकुरात ‘ईपीआर’ लिहा. प्रयोगशाळेत सगळे तेच म्हणतात.