भोसरीतलं दोघांचं जॉबवर्क: भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

म्हणजे तुम्ही आणि मित्र मिळून भोसरीत भाड्याच्या गाळ्यात सेकंडहँड व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या मालावर काम, करताय, थोडे पैसे घरचे, बाकी लोन, सीए म्हणतोय प्रायव्हेट लिमिटेड करा आणि काका म्हणतायत साधी भागीदारी पुरे. माझं मत एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. पण 'लिमिटेड केलं की घर वाचतं' हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात ना, ते निम्मंच खरं आहे.

कंपनी काढा नाहीतर एलएलपी, मशीन लोनला बँक तुमची पर्सनल गॅरंटी मागणारच. सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जहमी योजनेत वेगळं तारण लागत नाही, पण तुमची स्वतःची सही तिथेही घेतात. म्हणजे हप्ते थकले तर बँक तुमच्याच दारात. लिमिटेडचा फायदा होतो तो बाकीच्या देण्यांना, टूलिंगवाल्याची उधारी, कस्टमरने मारलेलं रिजेक्शनचं डेबिट (नाकारलेल्या मालाचे कापलेले पैसे), त्याच्या मटेरियलचा अख्खा लॉट स्क्रॅप झाला तर ती भरपाई वगैरे. साध्या भागीदारीत हे सगळं दोघांवर, आणि वसुलीवाला ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्यालाच आधी धरतो, माल मित्राने का बिघडवला असेना.

काकांना अजून एक सांगा. नोटरी केलेली डीड (भागीदारीचं करारपत्र) म्हणजे नोंदणी नव्हे! रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मला पैसे बुडवणाऱ्या पार्टीवर दावा लावता येत नाही. जॉबवर्कमध्ये पेमेंट किती लटकतं ते तुम्हाला कळेलच.

प्रायव्हेट लिमिटेड वाईट नाही, पण आत्ता कशाला? टर्नओव्हर शून्य असला तरी ऑडिट, दरवर्षी एओसी-4 आणि एमजीटी-7ए हे हिशेबाचे आणि वार्षिक रिटर्नचे फॉर्म, उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये, आणि कंपनीच्या खात्यातून आपल्या मनाने पैसे काढता येत नाहीत. बाहेरचा कोणी पैसे घालून शेअर मागत असेल तर मात्र तीच करा. एलएलपीला टर्नओव्हर 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं तरच एलएलपी कायद्याचं ऑडिट लागतं. वार्षिक रिटर्नचा फॉर्म 11 दरवर्षी 30 मेपर्यंत आणि हिशेबाचा फॉर्म 8 दरवर्षी 30 ऑक्टोबरपर्यंत, धंदा झाला नाही तरी.

टॅक्सचं म्हणाल तर फर्म असो की एलएलपी, नफ्यावर पहिल्या रुपयापासून 30 टक्के, त्यामुळे लोक घाबरतात, पण काम करणाऱ्या पार्टनरचा पगार आधी वजा होतो ना. सगळ्या पार्टनरचा मिळून नफ्याच्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्क्यांपर्यंत (किंवा 3 लाख, जे जास्त असेल ते), त्यापुढे 60 टक्क्यांपर्यंत, शिवाय भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंत व्याज. हा पगार डीडमध्ये लिहिलेला नसेल तर खर्च म्हणून धरत नाहीत, आणि नेटवरून उचललेल्या डीडमध्ये नेमकं तेच नसतं. एप्रिल 2025 पासून पार्टनरला वर्षाला 20 हजारांच्या वर पगार-व्याज दिलं तर 10 टक्के टीडीएसही कापायचा.

खरा वेळ कराराला द्या बाबा. एक जण बाहेर पडला तर मशीनची किंमत कोण ठरवणार, व्हेंडर कोड (कस्टमर कंपनी पुरवठादाराला देते तो नंबर) कोणाकडे राहणार, दोन महिने घरच्या अडचणीत एक जण आलाच नाही तर त्याचा पगार चालू का बंद. दोस्ती आहे म्हणून लोक हे विषय काढायला लाजतात आणि मग वकिलाकडे बसून काढतात. मृत्यूचंही लिहा. दोघांच्याच साध्या भागीदारीत एक गेला की फर्म संपते, एलएलपी चालू राहते, पण सहा महिन्यांत दुसरा पार्टनर घ्यायला लागतो, नाहीतर त्यापुढची देणी उरलेल्याच्या अंगावर.

'आधी एकाच्या नावावर चालू करू, मग बघू' असं नको. नंतर पॅन बदलतो, म्हणून जीएसटी नंबर बदलतो, आणि चाकणच्या कंपनीत व्हेंडर कोड परत करून घ्यायला परचेसवाल्याच्या मागे फिरायला लागतं ते वेगळंच.

आणि हो, नाव ठरवायच्या आधी गाळामालकाला विचारा की लाइट बिल आणि एनओसी देतो का, भोसरीत पोटभाड्याचे गाळे बरेच आहेत आणि तिथे सही द्यायला मालक नाही म्हणतात. एलएलपीचा पत्ता, जीएसटी दोन्ही त्यावर अडतं. उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका, पण पहिलं बिल टाकायच्या आधी काढा आणि नंबर बिलावर छापा, 45 दिवसांत पेमेंटचा हक्क त्यावरच सांगता येतो.